संख्यात्मक, गुणात्मक की मिश्र? संशोधनाची पद्धत ठरवणाऱ्या नवोदितांसाठी

पीएच.डी.च्या किंवा एम.ए.च्या आराखड्यात ‘संशोधन पद्धती’ या शीर्षकाखाली जी दोन पाने असतात, त्यांवर विद्यार्थी सर्वांत कमी विचार करतात आणि मौखिक परीक्षेत त्याच दोन पानांवर सर्वांत जास्त अडकतात. मीही तेच केले होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलींच्या शिक्षणावर काम करायचे एवढे ठरले होते. पद्धतीच्या जागी मी ‘सर्वेक्षण पद्धती, नमुना १००’ असे लिहून मोकळी झाले, कारण ग्रंथालयातून आणलेल्या आधीच्या चार प्रबंधांत तसेच लिहिलेले होते. त्या एका ओळीपायी ऊसतोडीचा एक अख्खा हंगाम वाया गेला. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य, वाणिज्य किंवा परिचर्या या शाखांत नव्याने संशोधनाला बसणाऱ्यांचा तो हंगाम वाचावा, म्हणून हे लिहीत आहे.

उदाहरणे माझ्याच विषयातील घेते, त्यामुळे आधी थोडी ओळख करून देणे भाग आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील हजारो कुटुंबे मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या हद्दीत ऊस तोडायला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की परततात. मुले काही घरांत बरोबर जातात, काही घरांत गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्याचे काल्पनिक उत्तरही लिहून पाहा

‘ऊसतोड कामगारांच्या मुलींचे शिक्षण: एक अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा लिहावा लागतो, की ज्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देता येईल. तो लिहून झाला की कागदाच्या दुसऱ्या बाजूला, काम पूर्ण झाले आहे असे समजून, त्याचे एक खोटे उत्तर लिहा. हा खेळ पोरकट वाटेल. पण पद्धतीचा निम्मा निर्णय त्यातच होऊन जातो.

माझ्या विषयातून दोन प्रश्न निघाले. पहिला: हंगामात आईवडिलांबरोबर गेलेल्या मुलींची आणि गावी राहिलेल्या मुलींची वर्षभराची हजेरी किती वेगळी असते? याचे खोटे उत्तर लिहू लागले तर ‘गेलेल्या मुलींची हजेरी अमुक टक्के, राहिलेल्यांची तमुक टक्के’ असेच वाक्य येते. रिकाम्या जागी आकडा बसतो, म्हणून हा संख्यात्मक प्रश्न. दुसरा: मुलीला बरोबर न्यायचे की मागे ठेवायचे, हे घरात कसे ठरते? इथे आकडा बसतच नाही. कोण बोलते, कोण गप्प राहते, मुलीचे वय वाढले की बोलण्यातले शब्द कसे बदलतात, असा एक परिच्छेद लिहावा लागतो. हा गुणात्मक प्रश्न. दोन्ही उत्तरे एकमेकांना जोडल्याशिवाय तुमचे म्हणणे पुरे होत नसेल, तरच मिश्र पद्धतीकडे जा.

गणिताची भीती वाटते म्हणून गुणात्मक आणि लोकांशी बोलण्याचा संकोच वाटतो म्हणून प्रश्नावली, अशा निवडी मी भोवताली पुष्कळ पाहिल्या आहेत. सांख्यिकी तीन महिन्यांत कामापुरती शिकता येते आणि संकोच चार घरे फिरल्यावर जातो. प्रश्न आणि पद्धत यांचा मेळ मात्र नंतर बसवता येत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. प्रश्नावली म्हणजे संख्यात्मक आणि मुलाखत म्हणजे गुणात्मक, असे समीकरण नाही. शंभर जणांना तेच दहा प्रश्न त्याच क्रमाने तोंडी विचारून ‘हो’ आणि ‘नाही’ मोजले, तर ती मुलाखत असूनही काम संख्यात्मकच झाले. साधन कोणते, यापेक्षा मिळालेल्या माहितीचे पुढे काय करणार, यावरून पद्धत ओळखावी.

२. संख्यात्मक मार्ग धरला, तर मोजण्याची व्याख्या आधी पक्की करा

या मार्गाची आपल्याकडची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या तेव्हाच्या लहानशा खेड्याची पाहणी करून १९१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, कोणाचे घर शेतीवर चालते आणि कोणाचे चालत नाही, हे त्यांनी घरोघर जाऊन मोजले. पुढे १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळांच्या नेतृत्वाखाली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणासारखी प्रचंड कामे मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होतात.

त्या सर्वेक्षणातील एकच आकडा बारकाईने पाहा. २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात २०-२४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले होते. वयोगट २०-२४ हाच का? सोळा वर्षांच्या अविवाहित मुलीला आज मोजले तर तिचे लग्न सतराव्या वर्षी होणार की बाविसाव्या, हे कळायला मार्ग नसतो. वीस ओलांडलेल्या स्त्रीच्या बाबतीत ते निश्चित झालेले असते, आणि पंचविशीच्या आतली असल्याने तिचे लग्न फार जुन्या काळातले नसते. एका टक्केवारीमागे एवढा विचार असतो. तुमच्या प्रत्येक चलाबाबत, म्हणजे मोजायच्या प्रत्येक गोष्टीबाबत, असा खुलासा तुम्हाला देता आला पाहिजे.

मला तो देता आला नव्हता. माझ्या पहिल्या प्रश्नावलीत ‘तुमच्या घरातून किती जण ऊसतोडीला जातात?’ असा प्रश्न होता. उत्तर मिळे, ‘एक कोयता.’ मी १ लिहीत असे. चाळीस घरे झाल्यावर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्या कागदाकडे बघून विचारले, ‘ताई, नवराबायकू मिळून एक कोयता असतो, तुम्ही एकच माणूस का मांडलाय?’ एकट्याने जाणाऱ्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात. म्हणजे माझ्या तक्त्यात प्रत्येक जोडप्यातील एक माणूस, बहुतेक वेळा बाईच, गायब झाली होती. चाळीसही अर्ज बाद झाले. म्हणून प्रश्नावली छापण्यापूर्वी, ज्यांना मोजायचे त्यांच्यातील आठ-दहा जणांबरोबर ती पडताळून पाहा, आणि त्या पडताळणीत ‘हा प्रश्न तुम्हाला काय कळला?’ असे उलट विचारा.

हजेरीचेही तसेच. पटावर नाव असणे, हजेरीपटावर खूण असणे आणि मूल प्रत्यक्ष वर्गात बसलेले असणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मुलगी शाळेत जाते का?’ या प्रश्नाचे ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत एकाच घरातून वेगळे उत्तर मिळते आणि दोन्ही उत्तरे खरी असतात. कोणत्या महिन्यातील, कोणत्या नोंदीवरून घेतलेली हजेरी, हे व्याख्येतच लिहा.

नमुन्याचा आकार हा पुढचा सापळा. जवळपास प्रत्येक प्रबंधात भेटणारा ३८४ हा आकडा आकाशातून पडलेला नाही: ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटीची मर्यादा धरली, आणि प्रमाण ५० टक्के गृहीत धरले, की मोठ्या लोकसंख्येसाठी हे उत्तर येते. लोकसंख्याच लहान असेल तर ते कमी होते. गावात एकूण ६०० कुटुंबे असतील तर २३४ पुरतात. पण ही दोन्ही गणिते साध्या यादृच्छिक निवडीसाठी आहेत, म्हणजे सर्वांची यादी हाती आहे आणि त्यातून चिठ्ठ्या काढल्यासारखी निवड झाली आहे, अशा वेळी. आपण बहुधा आधी गावे निवडतो आणि मग प्रत्येक गावात वीसेक घरे घेतो. एका गावातील घरे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे विसाव्या घरातून पहिल्या घराइतकी नवी माहिती मिळत नाही. हे साधर्म्य (सांख्यिकीच्या भाषेत गटांतर्गत सहसंबंध) ०.०५ एवढे जरी धरले, तरी १ + (२० − १) × ०.०५ म्हणजे १.९५ पट नमुना लागतो, आणि ३८४ चे जवळपास ७५० होतात. एवढे झेपत नसेल तर गावे वाढवा आणि प्रत्येक गावातील घरे कमी करा. ओळखीच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत गूगल फॉर्म फिरवून मिळालेल्या ४०० उत्तरांना हे गणित लावू नका. तो यादृच्छिक नमुना नव्हे आणि आकार वाढवून तो तसा होत नाही.

विश्लेषणाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर पाठ्यपुस्तके भरपूर आहेत. तीस घरांच्या अभ्यासात ‘२० टक्के’ म्हणजे सहा घरे, तेव्हा सहाच लिहा. सहसंबंध सापडला म्हणून कारण सापडले असे लिहू नका: हंगामी स्थलांतर करणाऱ्या घरांतील मुलींची हजेरी कमी दिसली, तरी त्या घरांची जमीन, कर्ज आणि शाळेचे अंतर हेही वेगळे असू शकते. आणि ०.०५ पेक्षा कमी संभाव्यतामूल्य (p-value) आले म्हणजे फरक मोठा आहे असे मुळीच नाही. फरक किती आहे, हे वेगळे लिहावे लागते. कोणती चाचणी लावायची हे माहिती गोळा करण्यापूर्वीच आराखड्यात नोंदवून ठेवा. माहिती हाती आल्यावर एकामागून एक चाचण्या लावून जी ‘लागू पडली’ तीच दाखवणे, ही लबाडी परीक्षकांना बरोबर ओळखता येते.

३. गुणात्मक मार्ग धरला, तर थोड्या लोकांत खोल उतरा

गुणात्मक काम म्हणजे लहान सर्वेक्षण, ही समजूत इतकी पसरलेली आहे की ‘बाराच मुलाखती? निदान पन्नास करा’ असा सल्ला मोठी माणसेही देतात. इथे निवड हेतुपूर्वक होते. प्रश्नावर प्रकाश टाकू शकतील अशी वेगवेगळ्या परिस्थितीतील माणसे निवडायची: मुलीला बरोबर नेणारी आई, मागे ठेवणारी आई, यंदा निर्णय बदललेले घर, स्वतः शाळा सोडलेली मुलगी, वसतिगृह चालवणाऱ्या बाई. नव्या मुलाखतीतून नवे काही निघेनासे झाले, याला संतृप्तता म्हणतात, की थांबायचे. ती कोणत्या मुलाखतीनंतर आली आणि ती आल्याचे तुम्ही कशावरून ठरवले, हे प्रबंधात लिहा. ‘संतृप्तता साधली’ एवढे एक वाक्य पुरत नाही.

इरावती कर्वे यांचे उदाहरण मला या संदर्भात नेहमी आठवते. मानववंशशास्त्रज्ञ म्हणून माणसांची शारीरिक मापे घेण्याचे काटेकोर काम केलेल्या याच बाईंनी पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालत जाऊन, एकत्र चालणाऱ्या जातींच्या जेवणाच्या पंक्ती मात्र वेगळ्या होतात, ही गोष्ट टिपली. ती कोणत्याही प्रश्नावलीत सापडली नसती, कारण ‘तुम्ही भेदभाव पाळता का?’ या प्रश्नाला वारीत ‘नाही’ हेच उत्तर मिळाले असते.

मुलाखतीसाठी प्रश्नांची यादी नको, मुद्द्यांचा एक कागद पुरे. ‘का’ने प्रश्न सुरू केला की समोरचा माणूस समर्थन देऊ लागतो, ‘त्या दिवशी काय झाले ते सांगा’ म्हटले की गोष्ट येते. आणि मुलाखत कुठे, कोणासमोर होते आहे, ते नोंदवायला विसरू नका. कारखान्याच्या तळावर माझी एक मुलाखत चालू असताना मुकादम मोटारसायकलवर जवळच बसून होता. तो असेपर्यंत त्या बाईंचे प्रत्येक उत्तर ‘समदं बरं हाय’ हेच होते. संध्याकाळी त्या कोपीपुढे (तळावरच्या झोपडीपुढे) भाकरी थापत असताना मी पुन्हा गेले, शेजारी बसले, काहीच विचारले नाही. चौथ्या भाकरीला त्या आपण होऊन म्हणाल्या, ‘पोरगी मागं ठिवली तर जीव तिथं ऱ्हातो, संगं आणली तर साळा जाती.’

हे वाक्य संकेतनात, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची छोटी नावे देण्याच्या कामात, कसे वागवायचे, ते दाखवते, कारण नवोदितांची सर्वांत मोठी चूक इथे होते. मी पहिल्या वाचनात त्यापुढे ‘सुरक्षितता’ असा संकेत लिहिला होता. हा शब्द त्यांचा नव्हता, शासकीय अहवाल वाचून माझ्या डोक्यात बसलेला होता. दुसऱ्या वाचनात मी तो खोडून ‘जीव तिथं राहणे’ हा त्यांचाच शब्दप्रयोग संकेत म्हणून ठेवला आणि इतर मुलाखतींत तो शोधला. तो सापडत गेला तो वयात आलेल्या मुलींच्या संदर्भात. लहान मुलींबद्दल बोलताना आया ‘खायला कोण घालंल’ असे म्हणत होत्या. ‘सुरक्षितता’ या एका संकेताखाली या दोन वेगळ्या काळज्या मी एकाच डब्यात भरल्या असत्या. संकेतांतून आशयसूत्रे, म्हणजे वारंवार येणारे मोठे अर्थ, बांधण्याची सहा टप्प्यांची जी रीत ब्राउन आणि क्लार्क यांनी २००६ मध्ये मांडली, तिच्यात मागे-पुढे जावेच लागते. सहा टप्पे एकदा सरळ चढून गेले की काम झाले, असे नाही.

ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर, म्हणजे ऐकून शब्दशः लिहून काढणे, स्वतः करा. एक तासाच्या मुलाखतीला पाच-सहा तास सहज लागतात, गलका असेल तर आणखी. बोलीतील शब्द आहे तसे ठेवा: ‘साळा’चे ‘शाळा’ करून आणि मग त्याचे इंग्रजी करून जे उरते, त्यावर विश्लेषण करणे म्हणजे सालपटावरून फळाची चव ठरवणे. प्रबंध इंग्रजीत असला तरी संकेतन मराठीतच करा आणि भाषांतर शेवटी, निवडलेल्या उताऱ्यांपुरते करा.

प्रतींबद्दल एक खरी घटना सांगते. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात क्षेत्रकार्य केले होते. त्यावरून तयार केलेल्या टिपणांचे तीन संच त्यांच्याजवळ होते, पण तिन्ही स्टॅनफर्ड येथील त्यांच्या कार्यालयात होते आणि एप्रिल १९७० मध्ये तिथे आग लागली तेव्हा तिन्ही होरपळले. त्यांनी आठवणीच्या आधाराने पुस्तक लिहिले आणि ते गाजले. तुमच्या-माझ्या बाबतीत तसे होण्याची शक्यता कमी आहे. एक प्रत घरी, एक दुसऱ्या गावी, एक क्लाउडवर कुलूपबंद.

४. मिश्र पद्धत घेतली, तर सांधा कुठे आहे ते दाखवा

‘दोन्ही थोडे थोडे’ याला मिश्र पद्धत म्हणत नाहीत. प्रश्नावलीच्या शेवटी ‘आपल्या सूचना लिहा’ अशी दोन रिकाम्या ओळींची जागा ठेवली की काम मिश्र झाले, असे मानणारे आराखडे मी पाहिले आहेत. आकडे आणि शब्द नेमके कुठे भेटतात आणि त्या भेटीतून काय नवे कळते, हे दाखवता आले पाहिजे. संशोधन पद्धतींचे अभ्यासक क्रेसवेल यांच्या मांडणीनुसार मुख्य रचना तीन आहेत.

पहिल्या रचनेत आधी मोजतात आणि मग आकड्यांचा उलगडा करण्यासाठी लोकांकडे जातात. गडचिरोलीचे उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले: ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्यापूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. या दोन आकड्यांमधली दरी आकड्यांनी भरत नाही. बाया दुखणे कोणाला सांगतात, कोणत्या शब्दांत सांगतात, काय सहन करण्याजोगे मानतात, हे बसून ऐकावेच लागते. तुमच्या आकड्यांत अशी न उलगडणारी दरी दिसली, की ही रचना घ्या आणि मुलाखतींसाठी माणसे त्याच आकड्यांवरून निवडा. माझ्याकडे, आई-वडील हंगामाला जाऊनही जिची हजेरी चांगली राहिली, अशा मुलींची घरे मी हजेरीपटावरूनच शोधली.

दुसऱ्या रचनेत आधी ऐकतात, मग त्यातून प्रश्नावली तयार करतात. ज्या विषयावर मराठीत तयार मापनश्रेणी नाही, त्यासाठी हीच योग्य. परदेशातील श्रेणीचे घाईने भाषांतर करण्यापेक्षा सहा महिने जास्त गेलेले चांगले. माझा ‘कोयत्या’चा घोटाळा या रचनेत झालाच नसता.

तिसऱ्या रचनेत दोन्ही कामे एकाच काळात स्वतंत्रपणे चालतात आणि शेवटी शेजारी ठेवून पाहिली जातात. एकट्या विद्यार्थ्याने ही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही आघाड्यांवर एकदम लढायला माणसे लागतात.

सांधा दाखवण्याचा सोपा मार्ग म्हणजे संयुक्त तक्ता: डाव्या स्तंभात आकडा, मधल्या स्तंभात त्याच गटातील मुलाखतीचा उतारा, उजव्या स्तंभात दोन्ही जुळतात की भांडतात. भांडत असतील तर घाबरू नका आणि गैरसोयीचे आहे म्हणून गाळूही नका. हजेरीपट एक सांगतो आणि आई दुसरे सांगते, तेव्हा प्रबंधातले सर्वांत चांगले प्रकरण तिथेच लपलेले असते.

५. कागदपत्रे आणि साधने

ही जुळवाजुळव गावात पाऊल टाकण्यापूर्वी करा, कारण काही परवानग्यांना महिने लागतात.

– मार्गदर्शकांची सही असलेला आराखडा आणि ओळखपत्र, प्रत्येकी पाच-सहा प्रती
– विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी
– शाळांतून माहिती घ्यायची असल्यास गटशिक्षणाधिकाऱ्यांचे लेखी परवानगीपत्र. ग्रामपंचायतीला वेगळे पत्र
– मराठीतील संमतिपत्र, जे वाचून दाखवायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागणार नाही असे
– पडताळून पाहिलेली प्रश्नावली किंवा मुद्द्यांचा कागद
– ध्वनिमुद्रक आणि जास्तीच्या बॅटऱ्या, फक्त मोबाईलवर विसंबू नये
– वही, आणि रोज रात्री लिहायची वेगळी डायरी
– संगणकावर, आकड्यांसाठी एक्सेल किंवा मोफत मिळणारे जमोवी आणि आर. क्षेत्रात मोबाईलवर प्रश्नावली भरण्यासाठी, नेटवर्क नसतानाही चालणारे कोबो टूलबॉक्स

संमतीबद्दल दोन वाक्ये अधिक लिहिते. अठराखालील मुलींशी बोलायचे तर पालकांची संमती लागतेच, पण मुलीची स्वतःची तयारीही विचारावी लागते. आरोग्यविषयक संशोधनासाठी आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी सहमती घेतात. अंगठा घेताना साक्षीदार ठेवा, आणि तो साक्षीदार मुकादम नसावा.

६. वेळेचा हिशेब लोकांच्या वर्षाप्रमाणे करा

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला, कोर्सवर्क धरून, किमान तीन आणि कमाल सहा वर्षे मिळतात. कागदावर हे पुष्कळ वाटते. मंजुरी फेब्रुवारीत मिळाली म्हणून मी तडक तळावर गेले, तेव्हा टोळ्या परतीच्या वाटेवर होत्या. पुढचा हंगाम दिवाळीनंतर. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांचे वर्ष कधी सुरू होते, हे विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत लिहिलेले नसते. कोळी बांधवांचा अभ्यास असेल तर पावसाळी बंदी, शिक्षकांचा असेल तर परीक्षा, शेतकऱ्यांचा असेल तर पेरणी पाहा. सुमारे साठ मुलाखतींचे लिप्यंतर आणि संकेतन यांना वर्ष लागते, असे धरूनच चाला.

त्या रिकाम्या वेळात शोधगंगा या संकेतस्थळावरील आपल्या विषयाचे प्रबंध वाचा. त्यातील पद्धतीचे प्रकरण मात्र उचलू नका. मी उचलले होते.

७. प्रबंध सादर करण्यापूर्वी निष्कर्ष परत घेऊन जा

ही पायरी आराखड्यात कोणी मागत नाही, म्हणून बहुतेक जण ती गाळतात. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यापैकी काही जणांना मुख्य निष्कर्ष वाचून दाखवा. मी गुढीपाडव्यानंतर, टोळ्या परतल्यावर, एका वस्तीवर समाजमंदिरात सात-आठ बायांसमोर बसले. तक्ता मोठ्या कागदावर काढून नेला होता: बरोबर गेलेल्या मुली, मागे राहिलेल्या मुली, हजेरी. त्यातल्या एक काकू बराच वेळ कागदाकडे पाहत होत्या. मग त्यांनी बोट ठेवून विचारले, ‘मागं ऱ्हायलेल्या पोरींना कोण बघतंय, ते ह्यात कुठं हाय? माझी सासू आजारी पडली तवा त्या साली पोरगी आमच्याबरुबर होती.’

आजी घरात आहे की नाही, ती चालती-फिरती आहे की अंथरुणाला खिळलेली, हा स्तंभ माझ्या प्रश्नावलीत नव्हता. प्रबंधाची तारीख सहा महिने पुढे मागून घेतली आणि त्याच घरांत पुन्हा एक फेरी मारली, या वेळी एकच प्रश्न घेऊन.